वाढदिवस एकाचा, ट्रिप सगळ्यांची

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की मोठा वाढदिवस मित्रमंडळींबरोबर ट्रिपवर साजरा करायचा असेल तर काय अडतंय ते कळवा, आणि पत्रांचा ढीगच पडला. तिशी आहे, चाळिशी आहे, पन्नाशी-साठी तर भरपूर. गंमत म्हणजे "कुठे जाऊ" हे जवळपास कोणीच विचारलेलं नाही, सगळ्यांचं दुखणं माणसांचं, म्हणजे कोणाला घ्यायचं, कोणी किती भरायचं, कोणाच्या खोलीत कोण. त्यामुळे आज ठिकाणांबद्दल एक अक्षर नाही. नावं काढली आहेत आणि पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नका.

ताई, माझा पन्नासावा वाढदिवस येतोय. आम्ही शाळेपासूनच्या आठ मैत्रिणी. मीच म्हटलं चार दिवस कुठेतरी जाऊया, सगळ्या हो हो म्हणाल्या. आता एकीने ग्रुपवर एका महागड्या रिसॉर्टची लिंक टाकली, चौघींनी लगेच हार्ट टाकले आणि दोघी गप्प आहेत. त्यातल्या एकीच्या नवऱ्याची नोकरी गेलीये हे मला माहितीये पण तिने बाकीच्यांना सांगितलेलं नाही. वर एक जण म्हणते, बर्थडे गर्लचा खर्च आपण सातजणी करू. मला फार ऑकवर्ड होतंय. – पन्नाशीच्या उंबरठ्यावर

रिसॉर्टचं राहू दे, आधी त्या दोघी गप्प का आहेत ते बघा. ग्रुपवर कोणी बोललं नाही की आपण ते "हो" धरतो, आणि मग बुकिंगच्या आदल्या दिवशी कोणाच्या तरी सासूबाई अचानक आजारी पडतात. खरं कारण पैसे असतात पण तसं कोण सांगणार. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, भिडेपोटी हो म्हणून मग कर्ज काढून ट्रिपला आलेली माणसं असतात.

तर ग्रुपवर बजेट विचारू नका. प्रत्येकीला वेगळा मेसेज करा, "जाणं-येणं, राहणं, खाणं, फिरणं सगळं धरून तुला जास्तीत जास्त किती जमेल, एक आकडा सांग, तो माझ्याजवळच राहील." आठ आकडे आले की सगळ्यात लहान आकडा हा तुमच्या ट्रिपचा बजेट. सरासरी काढायची नाही हं, कारण सरासरी काढली की तिच्या खालच्या सगळ्या बाहेर पडल्या असाच त्याचा अर्थ होतो. तो आकडा कोणाचा हे कोणाला सांगायचं नाही, ग्रुपवर फक्त लिहायचं "इतक्यात बसवतेय, पर्याय सुचवा". ज्यांना जास्त ऐश करायचीये त्यांनी आपल्या पैशाने चांगली खोली घ्यावी, एक दिवस आधी जावं, मसाज घ्यावा, कोणी अडवलंय.

त्या मैत्रिणीचे पैसे तुम्ही गुपचूप भरायचा विचार करत असाल (पत्रात पुढे तसं सुचवलंयत) तर तो सोडा. ते कधीतरी बाहेर येतंच आणि मग तिला ट्रिपमधला प्रत्येक फोटो टोचतो. मदत करायचीच असेल तर सगळ्यांना सारखी करा, "माझी पन्नाशी आहे, घराचं भाडं माझ्याकडून" असं. ते तुम्हाला परवडत असेल तरच.

आता तुमचा खर्च त्यांनी करावा का. हिशोब बघा, आठवा हिस्सा सातजणींत वाटला की प्रत्येकीचा खर्च साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला काही नाही, पण जी आधीच कशीबशी येतेय तिच्यासाठी तो काठावरचा शेवटचा धक्का. मी साधा नियम धरते, ट्रिप ज्याने सुचवली त्याने स्वतःचे पैसे भरायचे, आणि दुसऱ्यांनी ठरवून "चल, तुझ्यासाठी जातोय" म्हटलं तर त्यांनी भरायचे. तुम्ही सुचवलीत, तुम्ही भरा. एका संध्याकाळी त्यांनी तुम्हाला जेवायला नेलं तर मात्र जा, नाही नाही करत बसू नका. आणि गिफ्ट आणायचं नाही हे आधीच ठणकावून सांगा, नाहीतर कोणीतरी वेगळी वर्गणी काढतंच, आणि ट्रिप आणि गिफ्ट मिळून नाकापेक्षा मोती जड.

अजून एक, मोठं घर भाड्याने घेणार असाल तर भाडं डोक्यामागे वाटू नका, खोलीप्रमाणे वाटा. बाल्कनीवाल्या खोलीत झोपणारी आणि हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर पहाटेपर्यंत फ्रिजचा आवाज ऐकणारी, दोघींनी सारखेच पैसे का द्यायचे? खजिनदार कोणीतरी दुसरी, तुम्ही नाही. आणि विमानाने जाणार असाल तर आठ तिकिटं एकदम सर्च करण्याआधी दोन-दोनची करून बघा. स्वस्त दराच्या जागा चारच उरल्या असतील तर बऱ्याच ठिकाणी सिस्टिम आठही जणांना वरचा महाग दर लावते. दहा किंवा त्याहून जास्त असाल तर बहुतेक एअरलाइन त्याला ग्रुप बुकिंग धरतात, ते वेगळं प्रकरण, तिथे नावं नंतर द्यायची सोय बऱ्याचदा मिळते.

नमस्कार. बायकोचा चाळिसावा आहे. तिच्या सहा मैत्रिणी आणि मी मिळून परदेशातली सरप्राइज ट्रिप ठरवतोय. तिला वाटतंय की ऑफिसचं कामानिमित्त जाणं आहे (तिच्या बॉसलाही सामील करून घेतलंय!). एअरपोर्टवर गेल्यावर कळणार. कशी आहे आयडिया? – उत्साही नवरा

उत्साह दिसतोय. बॉसला सामील करून घेणं म्हणजे तर कमालच. पण एक विचारते, तिला याआधी कधी सरप्राइज आवडलंय का, म्हणजे खरंच आवडलं होतं की फोटोपुरतं हसली होती? उत्तर यायला वेळ लागत असेल तर पुढचं वाचू नका, सरळ तिला सांगून टाका.

आवडत असेल तरी ऑफिसच्या कामाची बॅग आणि मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायची बॅग एक नसते. ती फॉर्मल कपडे, लॅपटॉप आणि टाचांचे बूट घेऊन उभी राहील आणि बाकीच्या सहाजणी टोप्या घालून. आपल्याच वाढदिवसाला आपणच एकटे चुकीच्या कपड्यात, हे सगळ्या फोटोंत कायमचं छापलं जाणार. शिवाय औषधं, कॉन्टॅक्ट लेन्स, पाळीच्या तारखा, या गोष्टी दुसऱ्याने भरलेल्या बॅगेत कधीच नीट येत नाहीत, नवऱ्याने भरलेल्या बॅगेत तर नाहीच नाही.

म्हणून तारखा सांगा, थंडी की ऊन ते सांगा, किती चालायचंय ते सांगा, ठिकाण आणि मैत्रिणी तेवढ्या लपवा. सरप्राइज व्हायला तेवढं पुष्कळ आहे.

पासपोर्ट मात्र आजच काढून बघा. बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात, आणि तुम्ही ज्या देशात चाललायत त्याचा नियम तुम्हीच बघायचा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगने, लग्नाआधीचं-नंतरचं जे असेल ते. बहुतेक एअरलाइन तिकीट दुसऱ्याच्या नावावर करू देत नाहीत आणि स्पेलिंग दुरुस्त करायलाही नाचवतात. व्हिसा लागत असेल तर सरप्राइज तिथेच संपलं, अर्जावर सही तिचीच लागणार.

आणि एक न विचारलेला प्रश्न. तुम्ही पण जाताय? पत्रावरून तसं वाटतंय. सहा मैत्रिणी, ती आणि तुम्ही. मग ती मैत्रिणींची ट्रिप राहत नाही हो, तुम्ही कितीही चांगले असलात तरी. त्या तुमच्यासमोर तुमच्याबद्दल कशा बोलणार? एअरपोर्टवर सोडा, हात हलवा आणि घरी या. तुम्हा दोघांचं काय ते नंतर करा.

हाय ताई, मी ३० ची होतेय. कॉलेजचा ग्रुप आणि ऑफिसचा ग्रुप दोन्ही मिळून बाराजण नेतेय. दोन प्रश्न आहेत. एक तर हे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. आणि कॉलेजमधली एक मैत्रीण आहे जी प्रत्येक ट्रिपला पिऊन कोणाशी तरी भांडते, मग रडते, मग आम्ही रात्रभर तिला सांभाळतो. तिला नाही बोलावलं तर मी वाईट का? – तिशीतली

वाईट नाहीस. पण तिला इन्स्टावरून कळलं तर मात्र वाईट.

तिला न बोलावणं हा तुझा हक्क आहे, तिच्यापासून लपवणं नाही. "तिला सोडून" असा चोरून ग्रुप काढतात ना, तो सगळ्यात घाण प्रकार, कारण मग उरलेल्या कॉलेजवाल्यांना पण तू खोटं बोलायला लावतेस. फोन कर, मेसेज नको. "मी वाढदिवसाला काहीजणांबरोबर जातेय, तुला या वेळी घेत नाहीये, मागच्या दोन ट्रिपांत रात्री जे झालं ते मला माझ्या वाढदिवसाला नकोय." एवढंच. ती चिडेल, कदाचित तुटेल पण. कदाचित पहिल्यांदाच कोणीतरी तोंडावर सांगितलं म्हणून विचारही करेल. आणि खरंच दर वेळी पिऊन असं होत असेल तर तो फक्त ट्रिपपुरता प्रश्न नाहीये, हे तुम्हा सगळ्यांना माहितीये, कोणी बोलत नाही इतकंच. मांजराच्या गळ्यात घंटा तूच बांधावीस असं नाही, पण ट्रिपनंतर कधीतरी तिच्याशी निवांत बोल.

आता दोन ग्रुपचं. बाराजण एका टेबलावर बसवलेस तरी ते एकत्र बोलणार नाहीत, त्याचं टेन्शन घेऊ नको. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात, पाचवा आला की गप्पा फुटतात. म्हणजे तुझ्या बाराजणांचे तीन कोपरे होणारच, फक्त ते तीन कोपरे "कॉलेज, ऑफिस आणि बिचारी मी" असे होऊ नयेत. गाड्यांमध्ये मिसळून बसव. खोल्या मात्र मिसळू नको, झोपताना आणि बाथरूमला जाताना ओळखीचं माणूस लागतं. पहिल्या दिवशी हाताने करायचं काहीतरी ठेव, एकत्र स्वयंपाक, सायकली, काहीही, कारण अनोळखी लोक समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी उभं राहून कामं करताना जास्त बोलतात. ती "प्रत्येकाने माझी एक आठवण सांगा" वाली फेरी कृपया नको. ऑफिसवाल्यांकडे तुझ्या आठवणी म्हणजे एक्सेल शीट.

आम्ही सहा मित्र, सगळे साठीच्या आगेमागे, माझी साठी पूर्ण होतेय. तरुणपणी भरपूर डोंगर चढलो. आता साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या एका गावात चार दिवस राहायचा बेत आहे, विमानाने थेट वर. पोचू त्याच दिवशी वाढदिवस आहे त्यामुळे रात्री जोरात बैठक. एकाला बीपी आहे, एकाची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. दोघे म्हणतात, आम्ही रोज पाच किलोमीटर चालतो, आम्हाला काही होत नाही. बायको म्हणते वेडे झालात का. तुमचं मत? – साठीचा तरुण

जायला हरकत नाही, पण पहिल्या रात्रीच्या बाबतीत वहिनी शंभर टक्के बरोबर आहेत.

साडेतीन हजार मीटरवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. शरीर याची सवय करून घेतं पण त्याला दिवस लागतात, तास नाही. अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो, आणि तो पोचल्या पोचल्या होत नाही, साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दुपारी उतरलात, फोटो काढलेत, "बघा काही झालं नाही" म्हणालात, आणि नेमका बैठकीच्या वेळी त्रास सुरू. डोकं दुखणं, मळमळ, अन्नावर वासना नसणं, थकवा, झोप न लागणं. आता तुम्हीच सांगा, रात्री दोन-तीन पेग घेतल्यावर सकाळी डोकं धरून बसलेल्या मित्राला हँगओव्हर आहे की उंची लागलीये हे ओळखणार कसं? ते ओळखता येत नाही हाच तर धोका आहे. पहिले ४८ तास दारू नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत.

रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यांना सांगा की फिटनेसचा याच्याशी संबंध नाही. उलट फिट लोक पहिल्याच दिवशी उड्या मारत टेकडीवर जातात आणि संध्याकाळी आडवे होतात. तरुणपणी चढलेले डोंगर या वेळी जमा धरले जात नाहीत.

मग करायचं काय, तर दोन दिवस आधी निघा. वाटेत दोन हजार मीटरच्या आसपास एक-दोन मुक्काम करून गाडीने वर गेलात तर उत्तम, नाहीतर थेट वर जाऊन पहिले दोन दिवस फक्त खाणं, पाणी, गप्पा, पत्ते. तीन हजारच्या वर फिरणार असाल तर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम, असा सर्वसाधारण नियम आहे. आणि दोन दिवस आधी निघणं जमतच नसेल तर पार्टी तिसऱ्या रात्री करा, साठ वर्षं पूर्ण झालेली असणारच आहेत, दोन दिवसांत परत एकोणसाठ होणार नाही.

बीपीवाले आणि अँजिओप्लास्टीवाले, दोघांनी आपापल्या डॉक्टरांना बुकिंगच्या आधी विचारायचं, आणि उंचीचा आकडा सांगून विचारायचं. "डोंगरावर जाऊ का" म्हटलं तर डॉक्टर जा म्हणतील, "३५०० मीटरवर थेट विमानाने" म्हटलं की मग ते खुर्चीत पुढे येतात. अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी उंचीसाठी देतात, ती मित्राने दिली म्हणून घ्यायची नाही, सल्फाची अॅलर्जी असेल तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायचीच. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना जुने आजार लपवू नका, लपवलेत तर ऐन वेळी क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पॉलिसीत वयाची आणि उंचीची मर्यादा आहे का तेही बघा, काहींमध्ये असते.

आणि सहाही जणांनी एक गोष्ट निघायच्या आधी ठरवून ठेवा. कोणी चालताना झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, किंवा नुसता बसलेला असताना दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याला त्याच क्षणी खाली न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा. कोण बरोबर जाणार ते नाव आत्ताच नक्की करा. त्या वेळी "वाढदिवस आहे रे, उद्या बघू" म्हणणारा एक तरी निघतोच.

माझी रूम पार्टनर भयंकर घोरते. प्रत्येक ट्रिपला मीच तिच्या वाट्याला येते कारण "तुझी झोप गाढ आहे". नाहीये! या वेळी तिचाच पंचेचाळिसावा आहे, कसं सांगू? – जागरणवाली

सिंगल रूमचे जास्तीचे पैसे भरा आणि "मला पहाटे उठून वाचायचं असतं" म्हणा. किंवा इतकी जवळची असेल तर खरं सांगा. तुम्ही लिहिलंय की मध्येच ती श्वास थांबल्यासारखी गप्प होते आणि मग जोरात दचकून श्वास घेते, आणि दिवसा गाडीत बसल्या बसल्या झोपते. ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं असू शकतात, आणि ही गोष्ट तिला दुसरं कोणी सांगू शकत नाही कारण तिला स्वतःला ती ऐकूच येत नाही. ट्रिपच्या आधी सांगा, चारचौघांत नको. तोवर पाठीवर झोपली की घोरणं वाढतं, दारूने वाढतं, आणि तुमच्यासाठी इअरप्लग.

आम्ही पाचजणांनी चाळिशीतच ठरवलं होतं, प्रत्येकाच्या पन्नासाव्याला एक ट्रिप. तीन झाल्या. चौथा मित्र गेल्या वर्षी गेला. आता पाचवा वाढदिवस माझा. बाकीचे म्हणतात करूया, मला मन होत नाही. आणि त्याच्या बायकोला बोलवावं का? ती आधीच्या ट्रिपांना कधी नव्हती. – चौघांतला एक

मन होत नसेल तर या वर्षी करू नका, एक्कावन्नावा पण वाढदिवसच असतो. पण "बाकीचे म्हणतात करूया" हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांना ती ट्रिप तुमच्या वाढदिवसासाठी हवीये की त्याच्याबद्दल चौघांनी एकत्र बसून बोलायला हवीये? अंत्यविधीला बोलणं होत नाही, तिथे कामं असतात. एकदा विचारून बघा. तसं असेल तर दोन दिवसांचं छोटंसं काहीतरी ठरवा, त्याच्याबरोबर गेला होतात ती जागा मात्र नको, पहिल्याच वेळी ते जड होतं.

वहिनींचं. ट्रिपला बोलवू नका असं माझं मत. ती ट्रिप कधीच त्यांची नव्हती, तिथे येऊन त्यांना चौघांच्या चेहऱ्यावर फक्त तोच दिसणार आणि तुम्ही जपून बोलणार, म्हणजे कोणालाच मोकळं होता येणार नाही. पण जाताय हे त्यांना आधी सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. आणि आधीच्या तीन ट्रिपांचे तुमच्याकडचे फोटो, व्हिडिओ, त्याच्या आवाजातले व्हॉइस मेसेज, हे सगळं गोळा करून त्यांना नेऊन द्या. तो मित्रांत कसा वागायचा हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

एकाने निघायच्या पाच दिवस आधी कॅन्सल केलं. घराचं भाडं भरून झालंय. तो म्हणतो मी आलोच नाही तर पैसे कसले? – वैतागलेला आयोजक

जे पैसे परत मिळत नाहीत त्यातला त्याचा हिस्सा त्याचा. जे अजून खर्च व्हायचेत, जेवण, पेट्रोल, तिकिटं, त्यातलं त्याने काही देऊ नये. घर आठजणांचं होतं म्हणून घेतलं, सातजणांचं असतं तर लहान घेतलं असतं. त्याच्या घरी खरंच काही गंभीर झालं असेल तर तुम्ही सातजणांनी मोठ्या मनाने वाटून घ्या, "ऑफिसचं काम आलं" असेल तर वसूल करा. पुढच्या वेळी अॅडव्हान्स घेतानाच ग्रुपवर एक ओळ टाका, अमुक तारखेनंतर पैसे परत नाहीत, आणि प्रत्येकाकडून "ओके" लिहून घ्या. इन्शुरन्समधलं कॅन्सलेशन कव्हर पॉलिसी घेतल्यानंतरच्या घटनांनाच लागू होतं, त्यामुळे ते बुकिंगच्या दिवशीच काढायचं, आता काढणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये वाढदिवसाची पार्टी कुठल्या दिवशी ठेवावी? तारखेच्या दिवशी आम्ही प्रवासात आहोत. डेकोरेशन घरून नेणार आहोत. – चाळिशीवाला ग्रुप

शेवटून दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री सगळे दमलेले, शेवटच्या रात्री अर्धे बॅगा भरतायत आणि एक जण चेक-इन करतोय.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना १४ अंशाच्या गार पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तेच एक मिनिट अधिक अजून अर्धा मिनिट, त्यात पाणी हळूहळू एक अंशाने कोमट केलं. परत कुठलं करायचं विचारल्यावर जास्त जणांनी लांबलेलं निवडलं, त्रास एकूण जास्त असूनही, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. तेव्हा शेवटचा दिवस हिशोबात घालवू नका. एअरपोर्टवर बसून "तुझे टॅक्सीचे राहिले" हे चालू असतं ना, ते आदल्या दिवशी सकाळी उरकून टाका.

डेकोरेशनचं, फुलबाज्या आणि पार्टी पॉपर विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. फुग्यांसाठी हेलियमचा सिलिंडर पण नाही. फोटोंसाठी पॉवर बँक नेणार असाल तर ती फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, नेहमीची २०,००० एमएएचवाली साधारण ७४ ची असते. खोलीत मेणबत्त्या लावायच्या आधी छताकडे बघा, स्मोक डिटेक्टर असतो.

माझा जन्म २९ फेब्रुवारी १९६८ चा. पन्नासावा वाढदिवस २८ ला करायचा की १ मार्चला यावर मित्रांची इतकी भांडणं झाली की ट्रिपच राहिली. २०२८ मध्ये साठ होतील आणि खरी तारीख येतेय! मित्र म्हणतात हा तुझा पंधरावा. आत्तापासून ठरवणं वेडेपणा आहे का? एकाने सुचवलंय, क्रूझने इंटरनॅशनल डेट लाइन ओलांडू म्हणजे वाढदिवस दोनदा येईल. – चार वर्षांतून एकदा

वेडेपणा कसला, तुमच्यासारख्यांनी तर ठरवायलाच हवं. पन्नासावा हुकला यात तुमचा दोष नाही, २९ फेब्रुवारीवाल्यांची पन्नाशी खऱ्या तारखेला कधीच येत नाही, ५० ला चारने भाग जात नाही ना. पंचविशी नाही, पंचाहत्तरी नाही. चाळिशी, साठी, ऐंशी तेवढ्या येतात, त्यातही २१०० हे लीप वर्ष नसल्यामुळे २०४० मध्ये जन्मणाऱ्यांची साठी बुडणार आहे. मित्रांचा हिशोब बरोबर आहे, पंधरावाच. तो दिवस मंगळवार आहे, तेव्हा नोकरीवाल्यांना शनिवारी २६ ला निघून बुधवारी परत असं सुचवा, सुट्ट्या तीनच पडतील.

डेट लाइनची आयडिया खरी आहे. आशियाकडून अमेरिकेकडे जाताना ती रेषा ओलांडली की तीच तारीख परत मिळते. उलट्या बाजूने, म्हणजे अमेरिकेकडून आशियाकडे येताना, एक तारीख गायब होते. २८ च्या रात्री त्या बाजूने ओलांडलीत तर सकाळी उठाल ते थेट १ मार्चला, आणि पुढची खरी तारीख २०३२ मध्ये. बुकिंग करणारा मित्र कोण आहे ते लिहिलं नाहीयेत, पण जो कोणी असेल त्याला जहाज कुठून कुठे जातंय ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, मगच अॅडव्हान्स द्या.